पान चारशे अकरा

आमच्या ह्यांच्याकडे साधं मीठ मागायची सोय नाही. "अहो, मीठ द्या" म्हटलं की हे हातातला घास खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कशासाठी हवंय? आत्ता की शिजताना? बारीक की जाडं?" तोवर जेवण गार. एकदा मी चिडून म्हटलं, "भाजीत घालायचंय, डोळ्यांत नाही!" तर शांतपणे म्हणतात, "मग बारीक. हे आधी सांगितलं असतंस तर वेळ वाचला असता." चोवीस वर्षं संसार केला मी ह्या माणसाबरोबर. मला कोणी विचारत नाही कसा केला ते.

पण त्यांचाही दोष नाही म्हणा. कोर्टाच्या आवारात वकील संघाचं ग्रंथालय आहे, तिथे हे सव्वीस वर्षं ग्रंथपाल. प्रश्न विचारणं हाच धंदा. वकील धावत येतो, "तो कुत्र्याचा निवाडा द्या!" म्हणतो. दुसरा कोणी असता तर कुत्र्याचे चाळीस निवाडे काढून टेबलावर आपटले असते. हे विचारतात, कुत्रा कोणाचा, चावला का, कुठे चावला, तिथे कुंपण होतं का. सहाव्या प्रश्नाला कळतं की वकिलाला कुत्र्याशी देणंघेणंच नाही, भांडण कुंपणाचं आहे. मग हे उठतात, न बघता हात वर करतात आणि बरोबर तो खंड काढतात. अख्खं कोर्ट ह्यांना 'अनुक्रमणिका' म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि हे ओ देतात.

माझं दुकान कोर्टाच्या फाटकासमोर. वकिलांचे काळे कोट आणि झगे शिवते. त्यामुळे मला वकील नावाने कमी आणि मापाने जास्त माहीत. वकील संघाचे अध्यक्ष म्हणजे छाती बेचाळीस, पोट सेहेचाळीस. दर वेळी मला सांगतात, "वहीत चव्वेचाळीस लिहा." मी चव्वेचाळीस लिहिते आणि सेहेचाळीस कापते. माणसाचं मन राखावं, शिलाई कशाला उसवायची?

तर आता ह्यांच्या पट्ट्यांबद्दल सांगते. कायद्याच्या पुस्तकांचं असं असतं म्हणे, की जुना निवाडा पुढे कधीतरी वरचं कोर्ट मोडीत काढतं. पुस्तकात मात्र तो तसाच ऐटीत छापलेला राहतो. एखाद्या वकिलाने तो खरा धरून कोर्टात वाचला की समोरचा हसतो, न्यायाधीश भुवई उंचावतात आणि अशिलाचं वाटोळं. म्हणून नवा खंड आला की हे ओळीओळीने वाचतात, आज कोण मोडीत निघालं ते शोधतात आणि जुन्या खंडातल्या त्या पानावर कागदाची पट्टी चिकटवतात: 'हा निवाडा आता चालत नाही. पाहा अमुक खंड, अमुक पान.' खाली तारीख आणि सही. वकील तिला मयताची पट्टी म्हणतात. पट्टी दिसली की पुस्तक मिटायचं, पुढे वाचायचं नाही.

आणि नेमकी ही पट्टीच आमच्या मुळावर आली. संघाच्या बैठकीत कोणीतरी उठून म्हणालं, "पुस्तकं लावून झाली, पट्ट्या चिकटवून झाल्या, यादी संगणकावर चढली. आता माणूस कशाला? खंड काय, कोणीही काढून घेईल." सगळ्यांना पटलं. ग्रंथालयाचा अर्धा भाग मोकळा करून तिथे वकिलांना टेकायला सोफे टाकायचे ठरले. पण सव्वीस वर्षांच्या माणसाला असं एकदम कसं काढणार? म्हणून बाहेरून एक परीक्षक बोलवायचा, त्याने ह्यांची कौशल्यं मोजायची. अठरा कौशल्यं, प्रत्येकाला पाच गुण, एकूण नव्वद. चोपन्न मिळाले तर खुर्ची राहणार. कमी पडले तर महिनाअखेर नारळ.

ते पत्र वाचून मी देव पाण्यात घातले. हे मात्र पत्रातल्या मुद्रणदोषांची यादी करत बसले.

मग आम्ही मायलेकींनी घरी तयारी करून घेतली. लेक कॉलेजात जाते, तिला असल्या कागदांची भाषा कळते. ती परीक्षक झाली. "तुमच्या नेतृत्वगुणाचं उदाहरण द्या."

"मी कोणाचं नेतृत्व करतो?" ह्यांनी विचारलं. "तिथे मी एकटा असतो. एक पाल आहे, पण ती तिच्या मनाने वागते."

"बाबा! असं नाही सांगायचं. बरं, तणावाखाली काम करता का?"

"कोणाच्या तणावाखाली?"

"अहो, नुसतं हो म्हणा ना!" मी लाटणं आपटलं. "एका तरी प्रश्नाला उलट प्रश्न न विचारता उत्तर द्या."

हे विचारात पडले. म्हणाले, "का?"

लेकीने कपाळावर हात मारला. मी कणकेवर राग काढला.

परीक्षेच्या दिवशी मी तिथे असण्याचं काही कारण नव्हतं, पण दैवाने काढलं. अध्यक्षांचा नवा झगा अंगावर घालून बघायचा होता, आणि त्यांना परीक्षेलाही हजर राहायचं होतं. म्हणाले, "बाई, तिथेच या. मी उभा राहतो, तुम्ही टाचण्या लावा." तर असं दृश्य: एका टेबलाशी परीक्षक बाई, नीटस, केस घट्ट बांधलेले, पुढ्यात तक्ता. समोर आमचे हे, हात मांडीवर ठेवून, दंतवैद्याकडे बसल्यासारखे. आणि बाजूला अध्यक्ष दोन्ही हात पसरून उभे, त्यांच्या काखेत मी, तोंडात टाचण्या.

सुरुवात बरी झाली. संगणक चालवून दाखवा म्हटल्यावर ह्यांनी दहाही बोटांनी असा काही ताल धरला की बाईंनी पाचपैकी पाच दिले. पुस्तकांची निगा, पाच. मांडणी, पाच. संघभावनेत मात्र एक मिळाला, कारण हे पालीबद्दल बोलले. नेतृत्वात शून्य. मी टाचण्या मोजत होते आणि गुणही. सतरा कौशल्यं संपली तेव्हा एक्कावन्न झाले होते. उरलं शेवटचं, 'अचूक संदर्भ शोधणे'. पाच गुणांचं. तीन मिळाले की सुटलो. आणि हे तर ह्यांच्या हातचं काम! माझ्या जिवात जीव आला.

बाईंनी बंद पाकीट फोडून प्रश्न वाचला. "एक माणूस वरच्या मजल्यावर राहतो. त्याचा जिना खालच्या माणसाच्या खोलीतून जातो. वीस वर्षं तो तिथून जा-ये करतो आहे. आता खालच्याने दार बंद केलं. वरच्याला वाट मिळेल का? निवाडा शोधा. वेळ पंधरा मिनिटं."

ह्यांनी प्रश्न विचारले. जिना आतला की बाहेरचा? लेखी काही होतं का? दुसरी वाट आहे का? बाईंच्या कागदावर उत्तरं लिहिलेली होती, त्यामुळे त्या खूश झाल्या. हे उठले, खंड एकोणीस काढला, पान चारशे अकरा उघडलं. सात मिनिटं झाली होती.

"हा तो निवाडा. वाट मिळेल असं म्हणतो. पण," ह्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, "हा आता चालत नाही. खंड चौतीसने मोडीत काढलाय."

बाई गोंधळल्या. "माझ्या उत्तरपत्रिकेत हाच निवाडा बरोबर म्हणून दिलाय. निवृत्त न्यायाधीशांनी काढलाय प्रश्न."

"न्यायाधीशांची चूक होऊ शकते. दाखवतो." आणि हे जाऊन चौतिसावा खंड घेऊन आले.

आता नीट ऐका, कारण इथेच सगळं फिरलं. हे पान उघडून मनातल्या मनात वाचायला लागले. मी अध्यक्षांच्या खांद्याशी होते, तिथून मला पुस्तक दिसत होतं. एक ओळ दिसली: 'सदर बदके प्रतिवादीच्या वाफ्यात शिरली...' मी मनात म्हटलं, जिन्यात बदकं कुठून आली?

ह्यांनी पुन्हा खंड एकोणीस पाहिला. पुन्हा चौतीस. चेहरा पांढराफटक पडला. मला कायदा कळत नाही, पण हा चेहरा मला कळतो. चारशे अकरा पानावर एक नाही, दोन निवाडे होते. छोटे छोटे. वर जिन्याचा, खाली बदकांचा. वरच्या कोर्टाने मोडीत काढला होता बदकांचा. ह्यांनी पट्टी लावली होती जिन्यावर. जिवंत माणसाच्या दाराला मयताची पट्टी! अकरा वर्षं तो निवाडा धडधाकट होता, आणि पट्टी बघून कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

आणि गंमत अशी की हे कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. बाई कायदेवाल्या नव्हत्याच. त्यांनी पट्टी पाहिली, चौतिसाव्या खंडात 'खंड एकोणीस, पान चारशे अकरा' हे शब्द पाहिले आणि मान डोलावली. "खरंच की. म्हणजे आमची उत्तरपत्रिकाच चुकली. कमाल आहे तुमची! पाच देते." पेन कागदाला टेकलं होतं हो! नुसतं टेकलं होतं!

"थांबा," हे म्हणाले.

मी डोळे वटारले. तोंडात टाचण्या, बोलताही येईना. मानेने नाही नाही केलं.

"पाच देऊ नका. न्यायाधीशांचं बरोबर आहे. पट्टी चुकीची आहे, आणि ती मी लावली आहे."

त्याच क्षणी अध्यक्ष "आई गं!" म्हणून ओरडले. पट्टीमुळे नाही. माझ्या हातची टाचणी सेहेचाळीसमध्ये घुसली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी तीनतीनदा विचारलं, "नक्की?" ह्यांनी दोन्ही खंड शेजारी ठेवून त्यांना बदकांसकट सगळं समजावून सांगितलं, इतकं छान समजावलं की बाईंच्या डोळ्यांत कौतुक दिसलं. पण तक्त्यात कौतुकाचा रकाना नव्हता. अचूक संदर्भ, शून्य. एकूण एक्कावन्न. अध्यक्षांनी कंबर चोळत तिथेच पत्रावर सही केली. महिनाअखेर पद बंद.

घरी येताना मी रस्ताभर बोलले. लोक वळून बघत होते तरी बोलले. "तुम्हाला कोणी विचारलं होतं का? तोंडाला कुलूप लावता आलं नसतं? दुसऱ्या दिवशी गुपचूप पट्टी काढून खाली लावायची, कोणाच्या बापाला कळलं असतं?" हे ऐकत चालले होते. मग मी विचारलं, "आणि अशी चूक झालीच कशी? तुम्ही तर दोन्ही पक्षकारांची नावं ताडून बघता."

"त्या दिवशी नाही बघितली. घाईत होतो."

"तुम्ही आणि घाईत? कधी?"

"पट्टीवर तारीख आहे. बारा जून."

मी रस्त्यातच उभी राहिले. अकरा वर्षांपूर्वी बारा जूनला माझं दुकान उघडलं होतं. सगळे जमले होते आणि ह्यांचा पत्ता नव्हता. मी ग्रंथालयात चार वेळा फोन केला होता. चौथ्यांदा म्हटलं होतं, "येताय, की तुमच्याशिवाय कात्री चालवू?"

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यामुळे झालं."

"छे. चौथ्या फोनच्या आधीच मी टेबल आवरायला घेतलं होतं," हे म्हणाले. "तू बोलावलंस म्हणून घाई केली नाही. मला यायचं होतं म्हणून केली."

चोवीस वर्षांत हा माणूस इतकं गोड एकदाच बोलला, आणि तेही नोकरी गेल्यावर. 

दुसऱ्या दिवशी वाटलं, आता गप्प बसतील. कसले! ह्यांच्याकडे एक वही असते, कोणी काय विचारलं आणि आपण काय दिलं याची. अकरा वर्षांच्या वह्या काढून बसले. त्या पट्टीपायी कोणाचं नुकसान झालं ते शोधून, त्याच्या दारी जाऊन सांगायचं म्हणे. जिन्याचा निवाडा अकरा वर्षांत एकाच माणसाने मागितला होता. नऊ वर्षांपूर्वी. वहीत ह्यांच्याच अक्षरात होतं: 'विषय: जिना. काम: स्वतःचं.' आणि पुढे नाव अध्यक्षांचं.

"नका जाऊ," मी हात जोडले. "बुडत्याचा पाय खोलात."

"मग कोणी सांगायचं त्यांना?"

ह्यांना एकटं सोडण्यात अर्थ नव्हता. झगा द्यायचा बाकी होता, तो हातावर टाकला आणि मीही निघाले.

अध्यक्षांचं घर दुमजली. खाली त्यांचे थोरले भाऊ, वर ते स्वतः. पुढचं दार वाजवलं तर थोरल्यांनीच उघडलं, म्हणाले, "वर जायचंय? मागून जा." मागे गोल लोखंडी जिना. सत्तावीस पायऱ्या, एकेक हातभर उंच, कठडा हलणारा. वर पोचेपर्यंत माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला.

ह्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "नऊ वर्षांपूर्वी तुम्ही जिन्याचा निवाडा मागितलात. मी तो चालत नाही म्हणून दाखवलं. तो चालत होता. तुम्ही जिंकला असता. चूक माझी आहे."

अध्यक्ष आधी लाल झाले, मग जांभळे. "नऊ वर्षं! रोज चार वेळा ह्या जिन्याने! माझ्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या! दादाने आतलं दार लावून घेतलं, आणि मी तुमची पट्टी बघून मुकाट हा सांगाडा बसवून घेतला!"

आतून अध्यक्षीणबाई हसत हसत बाहेर आल्या. "बरं झालं! तो निवाडा मिळाला असता तर दोघे भाऊ आजपर्यंत कोर्टात असते. आता काय, रोज संध्याकाळी हे मागच्या जिन्याने उतरतात, घराला वळसा घालतात आणि पुढच्या दाराने दादांकडे पत्ते खेळायला जातात."

"तू मध्ये बोलू नकोस!"

"त्याने चूक कमी होत नाही," हे म्हणाले. म्हणजे बाई बिचारी वाचवायला आली, तर हा माणूस हात झटकून पुन्हा पाण्यात. मी ह्यांना चिमटा काढला. ह्यांनी विचारलं, "का?"

अध्यक्ष जरा शांत झाले, आणि मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच आलं. "अनुक्रमणिका, अशा आणखी किती पट्ट्या चुकल्या असतील?"

"एकही नसेल असं वाटतं. पण परवापर्यंत हीसुद्धा नाही असंच वाटत होतं. एकूण तीन हजार एक्केचाळीस आहेत."

"अहो, गुरुवारी माझा मोठा दावा आहे! समोरच्याचा निवाडा मेलेला आहे, एवढ्या एका मुद्द्यावर मी उभा राहणार आहे!"

"तुम्ही तो निवाडा वाचला ना?"

अध्यक्षांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पट्टी पाहिली."

पाचावर धारण बसली होती त्यांची. आणि संघात असे दीडशे वकील, सगळे पट्टी वाचणारे. "ताबडतोब सगळ्या तपासा," ते म्हणाले. "उद्यापासून. किती दिवस लागतील?"

"दोन्ही खंड नीट वाचायचे म्हणजे दिवसाला चार होतील. कोर्टाच्या सुट्ट्या वगळून तीन वर्षं दोन महिने." ह्यांनी बोटांवर मोजलं. "पण माझं पद महिनाअखेरीला बंद होतंय. आणि ते बंद झालं नसतं, तरी मी तीन वर्षं एका महिन्याने निवृत्तच होतो. म्हणजे एक महिना कमी पडतो."

मी म्हटलं, झालं! आता हा माणूस हिशेब जुळत नाही म्हणून कामच नाकारणार. अध्यक्षही वैतागले. "पदाचं मी बघतो हो, पत्र माझंच आहे, मीच मागे घेईन! पण त्या शेवटच्या महिन्याचं काय करायचं म्हणता?"

ह्यांनी मान खाली घातली. सव्वीस वर्षांत ह्यांनी ह्या लोकांकडे स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, बढती नाही, रजा नाही, खुर्चीला उशी नाही. आता घसा खाकरून म्हणाले, "त्या महिन्यात मला किल्ली द्याल का? मी बिनपगारी येईन. अर्धवट टाकून जायचं नाहीये मला."

 अध्यक्ष उठले, टेबलाशी गेले आणि उभ्याउभ्याच कागदावर लिहायला लागले. अध्यक्षीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि मी, जी गेले दोन दिवस ह्या माणसाला शिव्या घालत होते, ती तो काळा झगा तोंडाशी धरून ढसाढसा रडले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतका अभिमान वाटत होता, की दोन्ही एकदम डोळ्यांतून आलं.

लिहिलेला कागद ह्यांनी दोनदा वाचला, एका ठिकाणी अनुस्वार दिला आणि खिशात ठेवला. उतरताना पहिल्या पायरीवर थांबून मला हात दिला.

"सावकाश ये," म्हणाले. "काही घाई नाही."